खानापूरची मातीची परळं: एकात बुलबुल आंघोळ करतात, दुसऱ्यात केक होतो

दोन वर्षं होत आली ही परळं, म्हणजे मातीची पसरट भांडी, घरात येऊन. आणल्या आणल्याच लिहिणार होते, पण म्हटलं मातीची वस्तू आहे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघूया आधी. आता दोन्ही बघून झालेत, त्यामुळे खात्रीनं लिहायलेय.

आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. घरापुढं छोटीशी बाग, त्यात जास्वंद, मोगरा, अबोली, कुंपणाला गोकर्ण आणि मागच्या बाजूला सासूबाईंनी लावलेला प्राजक्त. पक्ष्यांना पाणी ठेवायला आधी प्लॅस्टिकची थाळी होती, एप्रिलात दुपारी तिच्यातलं पाणी एवढं तापायचं की हात लावला की कळायचं, पक्षी यायचे, कडेवर बसायचे आणि तसेच उडून जायचे. खानापूरला एका लग्नाला गेलो होतो, परत येताना रस्त्याकडेला मातीची भांडी मांडलेली दिसली आणि गाडी थांबवली. तिकडची लाल माती पहिल्यापासूनच नावाजलेली, कौलं, विटा, माठ, सगळं तिकडून येतं, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थासुद्धा खानापुरातच आहे.

एक मोठं परळ घेतलं 180 रुपयांना, साधारण दीड फूट रुंद आणि मध्ये जेमतेम दोन इंच खोल. दुसरं लहान, जाड बुडाचं आणि उभ्या काठाचं, ते 90 ला. लहान घेताना मी विचारलं, आज्जी ह्यात केक भाजता येईल का, तर त्या म्हणाल्या, "का नाही पोरी, पण आधी रातभर पाण्यात बुडवून ठीव, आणि तापल्या जाळावर एकदम चढवू नको, फुटतंय." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

आधी मोठ्याबद्दल. झिलई नसलेली माती असल्यानं पाणी बारीक बारीक झिरपतं आणि बाहेरून उडून जातं, माठासारखंच, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारीसुद्धा पाणी गार असतं. पहिले चार दिवस एकही पक्षी आला नाही. मला वाटलं जागा चुकली, मग जास्वंदीच्या बुडातून काढून जरा उघड्यावर ठेवलं, कारण झुडपाखाली मांजर दबा धरून बसतं आणि पक्ष्यांना ते बरोबर कळतं, आणि मध्ये दोन चपटे दगड ठेवले. पाचव्या दिवशी सकाळी शिपाई बुलबुलाची जोडी आली. डोक्यावर काळा तुरा, गालाला लाल ठिपका, आधी एकानं आंघोळ करायची आणि दुसऱ्यानं वर बसून पहारा द्यायचा, मग अदलाबदल. मी हातात पीठ भरलेलं तसंच खिडकीत उभी राहून बघत होते, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते पण मोजलं नाही.

आता त्यांचं टाइमटेबल पाठ झालंय. सकाळी बुलबुल, दहाच्या सुमाराला सातभाईंची टोळी, ते आले की सगळ्या गल्लीला कळतं एवढा कलकलाट, दुपारी खारी पाणी प्यायला, आणि दिवे लागायच्या वेळेला दयाळ. दयाळ अगदी अंधार पडता पडता आंघोळ करतो, एकटाच, आणि पंख झटकून प्राजक्तावर जाऊन बसतो. शिंजीर मात्र परळात कधी उतरला नाही. तो जास्वंदीच्या फुलाच्या देठाशी बाजूनं चोच खुपसून मध पितो, आणि मी झाडांना पाइपनं पाणी मारलं की ओल्या पानांवर अंग घासून घेतो. मधमाश्या पण येतात, त्या दगडांवर बसून पितात, दगड नसते तर बुडून मेल्या असत्या, म्हणून दगड ठेवाच. मागच्या वर्षी बुलबुलांनी मोगऱ्याच्या जाळीत घरटं केलं, तीन अंडी होती, बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर आली आणि तेवढे दिवस आम्ही मोगऱ्याची एक कळी तोडली नाही. सासूबाईंना गजऱ्याचा भारी सोस, पण त्याच म्हणाल्या, यंदा अबोलीचा घालू या, वास नसला तर नसूदे.

साफसफाईचं सांगते. पाणी रोजच्या रोज बदलायचं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, रोज ओतून टाकलं तर प्रश्नच येत नाही. शेवाळ धरतं, ते नारळाच्या काथ्यानं घासायचं. साबण अजिबात नको, माती साबण पिऊन बसते. जूनपासून मी ते उचलून जिन्याखाली उपडं ठेवते, आमच्याकडं पाऊस लागला की आकाश उघडत नाही आणि पक्ष्यांना पाण्याची काही कमी नसते.

आता लहान परळ, आणि इथं जरा तक्रार आहे. बूड सपाट नाही. टेबलावर ठेवलं की डुगडुगतं, त्यामुळे केक एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ होतो. घेताना जमिनीवर ठेवून बघायला पाहिजे होतं, तुम्ही बघून घ्या. आणि आधी मी ह्याच्याबरोबर असंच अजून एक घेतलं होतं, ते पहिल्याच वेळेला तडकलं, पण त्यात विकणाऱ्यांची चूक नाही, मी ओव्हन आधी 180 ला तापवून त्यात थंड परळ सरकवलं, आज्जींनी सांगितलेलं विसरून. टक्कन आवाज आला आणि सगळं पीठ खाली.

त्यानंतर मात्र शिस्तीत करतेय. रात्रभर पाण्यात, मग पुसून कोरडं करून आतून तूप, आणि थंड ओव्हनमध्ये ठेवूनच ओव्हन चालू. अल्युमिनियमच्या डब्यात जो केक 40 मिनिटांत होतो त्याला इथं 55 ते 60 लागतात, कारण माती सावकाश तापते, पण एकदा तापली की सगळीकडनं सारखी ऊब देते. ज्यांच्याकडं ओव्हन नाही त्यांनी जाड पातेल्यात वाळू किंवा मीठ घालून, आत परळ ठेवून, झाकण लावून मंद आचेवर केला तरी होतो, आमच्या आईच्या वेळेला असंच व्हायचं.

ह्यात सगळ्यात चांगला होतो तो बात, म्हणजे गोव्याकडचा रव्याचा केक. कॅम्पातल्या एका काकूंनी शिकवला, त्यांचं माहेर गोव्याचं. रवा, ओलं खोबरं, अंडी, लोणी, साखर, आणि मिश्रण रात्रभर ठेवायचं म्हणजे रवा फुगतो. त्या म्हणाल्या की आमच्याकडं मातीच्या भांड्यातच करायचे, खाली निखारे आणि झाकणावर पण निखारे. म्हणूनच मी मातीतच करून बघितला. कडा खरपूस, मधला भाग ओलसर, आणि तूप मुरलेल्या मातीचा एक वास येतो जो डब्यातल्या केकला कधीच येत नाही. शेजारच्या वहिनी कन्नड, त्यांना मराठी थोडंच येतं, पण पहिला तुकडा खाऊन त्यांनी सरळ ताटलीच पुढं केली.

रंग लावलेली, चकचकीत भांडी पण तिथं असतात, ती बागेत शोभेला ठीक, खायच्या वापराला नको, साधी लालच घ्या. वाजवून पण बघा, खणखणीत आवाज आला तर भाजलेलं चांगलं, बद्द आला तर तडा असतो.

मोठ्या परळाला पाचपैकी पाच. लहानाला साडेतीन, ते पण डुगडुगतं म्हणून, बाकी केकला काही बोलायला जागा नाही. दिवाळीनंतर परत जायलोय, लहान अजून एक आणायचंय, ह्यावेळी बूड बघून. तुम्ही गेलात तर गाडीत जुनी चादर न्या आणि परळं एकात एक घालू नका, मधे पेपर घाला. आम्ही एकात एक घालून आणलं म्हणून मोठ्याच्या काठाचा एक टवका उडालाय, दयाळ नेमका तिथंच येऊन बसतो.