सहा कळांवर मराठी: साध्या कीबोर्डवरचं ब्रेल टायपिंग, काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसातला माझा निम्मा दिवस मराठी पत्रव्यवहारात जातो. ब्रेल शाळेपासून हातात आहे. इनस्क्रिप्ट (कीबोर्डवरची मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी) हेही येतं, पण ते क्लास लावून घोकलेलं. पावसाळ्याच्या सुमारास साध्या कीबोर्डच्या सहा कळांवर ब्रेल टाइप करायला लागले आणि आता मराठीसाठी दुसरं काही वापरत नाही. अडचणी आहेत, त्या सांगतेच. पण लोक सॉफ्टवेअरच्या नावाने खडे फोडतात, तेव्हा दोष बऱ्याचदा समोरच्या कीबोर्डचा असतो.

जोडणीचं आधी उरकते. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि त्यावर ‘पीसी कीबोर्ड ब्रेल इनपुट’ हा ॲड-ऑन. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांतून बनतं: एफ, डी, एस म्हणजे टिंब १, २, ३ आणि जे, के, एल म्हणजे ४, ५, ६. करंगळ्यांखालच्या कळा ७ आणि ८. सातने मागचं खोडलं जातं, आठने एंटर. ब्रेलच्या सेटिंगमध्ये इनपुटचा तक्ता (कोणत्या टिंबांचं कोणतं अक्षर हे ठरवणारा) मराठी निवडायचा. पर्किन्सवर, म्हणजे ब्रेलच्या टाइपरायटरवर, हात बसलेल्यांना वेगळं काही शिकावं लागत नाही. पाटी-स्टायलसवाल्यांची मात्र सुरुवातीला तारांबळ उडते, कारण पाटीवर आपण उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं टोचत आलेलो असतो.

आता कीबोर्ड. ब्रेलमध्ये एका अक्षराच्या सगळ्या कळा एकदम दाबायच्या असतात. स्वस्त कीबोर्डात कळांची जोडणी आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत असते, आणि काही कळा एकत्र दाबल्या की नेमकी कोणती दाबली हे त्याला ओळखता येत नाही. मग एखादी कळ तो सरळ गिळतो. माझ्या लॅपटॉपचं हेच रडगाणं होतं. म्हणून विकत घेताना एकच परीक्षा घ्यायची: ‘ढ’. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, ढ सहाही टिंबांचा आहे. तो उमटला की बाकी सगळी अक्षरं उमटणारच, कारण ती याच सहा कळांतली. पुण्याच्या तापकीर गल्लीत दुकानदाराला म्हटलं, “काका, नुसतं नोटपॅड उघडून द्या.” सहा कळा एकदम दाबायच्या आणि त्यांनी स्क्रीनवर किती अक्षरं आली ते मोजायचं. “चारच आली, ताई.” दुसरा. “पाच.” मग त्यांनाच चेव आला आणि ते स्वतःहून खोकी फोडायला लागले. शेवटी जो पास झाला तो साधाच होता, दिवे लावलेला गेमिंगचा नव्हे. यूएसबी कीबोर्डच्या अगदी मूळ पद्धतीतही एका वेळी सहा कळांची जागा असते, शिफ्ट-कंट्रोल सोडून. आपलं काम बरोबर सहात भागतं, तेव्हा त्याहून जास्त कळांसाठी पैसे मोजू नका.

दुसरी सवय बोटांना लावावी लागते. सगळ्या कळा सुटल्यावरच अक्षर ठरतं. घाईत मागचं बोट उचलायच्या आत पुढचं अक्षर दाबलं, तर दोन्ही एक होतात. ब म्हणजे १-२, क म्हणजे १-३. दोन्ही मिसळले की १-२-३, म्हणजे ल. ‘बकुळ’चं ‘लुळ’ होतं.

मराठीची खरी गंमत तक्त्यात आहे. आधी मी एका वेगळ्या प्रोग्रॅमवर हात बसवत होते, त्यात ‘पुणे’ लिहिलं की ‘पु५’ यायचं आणि ‘आणि’चं ‘आ९’. कारण ण आणि अंकचिन्ह (पुढचं अक्षर अंक म्हणून वाचा, असं सांगणारं) दोन्ही ३-४-५-६. त्यापुढे ए आला की तो पाच, इ आली की नऊ. शब्दाच्या मध्ये अंक सुरू होत नाही एवढी अक्कल प्रोग्रॅमला हवी. पाय मोडायचंही तसंच. ब्रेलमध्ये पाय मोडायचं टिंब, म्हणजे ४, अक्षराच्या आधी येतं. कॉम्प्युटरच्या मजकुरात हलन्त अक्षराच्या नंतर. ‘पुण्यात’ लिहिताना मी प, उ, टिंब ४, ण, य, आ, त अशा क्रमाने जाते. उलटापालट प्रोग्रॅमने करायची. ‘मऊ’मध्ये म आणि ऊ यांच्यामध्ये अ घालावा लागतो, नाहीतर ‘मू’ होतं. कुठलाही प्रोग्रॅम घ्या, आधी पुणे, आणि, पुण्यात, मऊ हे चार शब्द लिहून पाहा.

वेगाचं म्हणाल तर दाबण्या काही कमी होत नाहीत. ‘पुण्यात’ला इनस्क्रिप्टवरही सातच. फायदा मला शुद्धलेखनात दिसला. ऑफिसच्या गलक्यात स्क्रीन रीडरच्या आवाजात ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कळत नाही. सहा कळांवर ऱ्हस्व इ म्हणजे डी-जे, दीर्घ ई म्हणजे एस-के. दोन्ही हातांचं एकेक बोट बाहेरच्या बाजूला सरकतं. चुकीची वेलांटी पडली की कानाआधी बोटांना कळतं. पर्किन्सवर उमटलेली ओळ तिथल्या तिथे चाचपता यायची, ते सुख मात्र गेलं. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मजकुराची टिंबं बोटांखाली उमटवणारं यंत्र, घेतलं तर परत मिळेल, पण त्याची किंमत ऐकून मी तूर्त गप्प आहे.

इंग्रजी शब्द आला की मी तक्ता बदलत बसत नाही. शॉर्टकटने ब्रेल बंद, नेहमीसारखं टाइप, पुन्हा चालू. पासवर्डलाही तेच. बंद करायचं राहिलं आणि माझ्या जागेवर कुणी बसलं, की “मॅडम, तुमचा कीबोर्ड बिघडलाय” हे ठरलेलं.

ज्यांची दृष्टी मोठेपणी गेली आणि ब्रेल हातात नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. इनस्क्रिप्ट लवकर जमेल. ज्यांना ब्रेल येतं पण ऑफिसच्या मशीनवर काही इन्स्टॉल करू देत नाहीत, त्यांनी एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर करून घ्यावी, ॲड-ऑनही त्यातच बसतो. पेन ड्राइव्ह चालेल का हे आयटीवाल्यांना आधी विचारा, आणि कीबोर्ड घरूनच न्या.