ओबर्नडॉर्फची म्हणून गळ्यात मारलेली लष्करी माउझर

जुन्या बोल्ट अ‍ॅक्शन (म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायच्या) रायफलींचा शौक असलेल्यांना जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात घडलेल्या शिकारी रायफलींचं वेड असतं. त्याच वेडाचा फायदा घेऊन मला एक रायफल 'टाइप बी (या शिकारी रायफलींचा एक प्रकार), 1910 च्या आसपासची, सगळी मूळ' असं सांगून विकण्यात आली. प्रत्यक्षात ती निघाली गेव्हेअर 98, म्हणजे जर्मन सैन्याची लष्करी माउझर, वर शिकारी साज चढवलेली.

लष्करी रायफलीची शिकारी रायफल करण्यात काहीच गैर नाही. दोन्ही महायुद्धांनंतर अशा कितीतरी झाल्या आणि चांगल्या कारागिराच्या हातच्या तर फार देखण्या असतात. तशी म्हणून विकली असती तर मी आनंदाने घेतली असती, अर्थात तिच्या योग्य किमतीला. संताप आहे तो खोट्या ओळखीचा.

लाकूड बघून भुलू नका. टाइप ए इंग्रज धाटणीची, टाइप एमचं लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत, टाइप बीचं नळीखालचं लाकूड आखूड; पण ही सगळी रूपं नवा दस्ता बसवून सहज उभी करता येतात. खरं काय ते रिसीव्हर सांगतो, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो पोलादी भाग.

लष्करी 98 च्या रिसीव्हरच्या डाव्या भिंतीत अंगठ्यासाठी खाच असते, कारण सैनिक क्लिपमधली पाच काडतुसं अंगठ्याने खाली दाबत असे. कारखान्याच्या शिकारी रायफलींत ही भिंत बहुधा अखंड असते. माझ्या रायफलीतही ती अखंड 'दिसत' होती. जाणकार मिस्त्रीने ती खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरली, तेव्हा तिथे जांभळट छटेचा पट्टा उठून आला. खाच वेल्डिंगने भरून, घासून, वरून ब्ल्यूइंग (पोलादाला दिलेला निळसर-काळा रंग) केलेलं. भरलेलं पोलाद मूळ पोलादासारखा रंग धरत नाही. आसपासच्या कडा गोलसर झालेल्या, स्क्रूच्या भोकांचे काठ खोलगट, अक्षरं पुसट. जास्त घासल्याच्या या ठळक खुणा.

मग क्रमांक. जर्मन लष्करी क्रमांकानंतर बऱ्याचदा एक लहान अक्षर असतं. इथे चार अंक होते आणि पुढे घासलेल्या अक्षराचं शेपूट, भिंगातून स्पष्ट दिसणारं.

नळीवरच्या शिक्क्याने तर सगळंच उघडं पाडलं. जर्मनीच्या 1891 च्या कायद्यानुसार चाचणी झालेल्या नळ्यांवर मुकुट आणि त्याखाली बी, यू, जी अशी अक्षरं येत. गरुड आणि त्याखाली एन हा शिक्का 1939 च्या कायद्यानंतरचा. माझ्या '1910 च्या मूळ' नळीवर गरुड बसलेला होता! नळीच्या खालच्या बाजूला, दस्त्याच्या लाकडाआड. व्यवहाराच्या वेळी विकणाऱ्याने दस्ता उतरवू दिला नव्हता. 'जुनं लाकूड आहे, तडा जाईल' म्हणाला होता. हे कारण ऐकलंत तर व्यवहार तिथेच थांबवा. दोन स्क्रू नीट सोडवून लाकूड बाजूला करणं कुठल्याही मिस्त्रीला जमतं.

तक्रार करायला गेलो तर त्याने पावती पुढे केली. तिच्यावर फक्त 'माउझर, जुनी, बोल्ट अ‍ॅक्शन'. 'ओबर्नडॉर्फ', 'टाइप बी', 'मूळ नळी' हे सगळं तोंडी होतं. म्हणून पैसे देण्याआधी कारखाना, प्रकार, नळी मूळ की बदललेली, खाच भरलेली आहे का, हे चारही मुद्दे पावतीवर सहीनिशी लिहून घ्या, आणि रिसीव्हरच्या डाव्या भिंतीचा तिरप्या उजेडातला फोटो आधी मागवा.