नागावचा बंगला खरा, बुकिंग घेणारा खोटा

अलिबाग, नागाव, काशीदकडे सुट्टीसाठी बंगला शोधणाऱ्या मुंबईकरांनी हे कृपया शेवटपर्यंत वाचा आणि घरच्या ग्रुपवरही टाका. मे महिन्यात आमचे ३४,००० रुपये गेले आणि सासूबाई आणि मुलांसकट आम्ही परक्याच्या फाटकाबाहेर उभे राहिलो.

अशा प्रकारात बंगलाच अस्तित्वात नसतो, असं पुष्कळांना वाटतं. इथे बंगला शंभर टक्के खरा आहे. सुपारीच्या वाडीत, स्विमिंग पूलसकट. नकाशावर सापडतो, लोकांनी दिलेले रिव्ह्यूही खरे आहेत. चोरट्याने तिथले फोटो उचलून फेसबुकवर स्वतःचा नंबर टाकून जाहिरात केली. मग आपण कितीही चौकशी केली तरी ती बंगल्याची होते, पैसे घेणारा माणूस कोण हे बाजूलाच राहतं.

तो अगदी घरच्यासारखं मराठी बोलायचा. सासूबाईंना जिना चढवत नाही म्हटल्यावर 'काकूंना खालची खोली देतो' म्हणाला. सुरमई आणू की पापलेट, गुरुवार कोण पाळतं, सगळं विचारून घेतलं. स्वतःचं म्हणून आधार कार्डही पाठवलं आणि 'पोलीस व्हेरिफिकेशन'च्या नावाखाली आमचं मागितलं. त्याने दाखवलेलं कार्डही असंच आधीच्या एखाद्या गिऱ्हाइकाकडून घेतलेलं असणार, असं मला आता वाटतं.

ॲडव्हान्स १२,००० ठरला. मग ११,००० डिपॉझिट, चेक-आउटला परत मिळणारं. ते भरल्यावर लगेच फोन आला: 'ताई, सिस्टीममध्ये एंट्री पडत नाहीये. ११,००० च्या पुढे एक पैसा लावून पुन्हा पाठवा, आधीचे आपोआप रिटर्न येतील.' आम्ही तेही पाठवले. ही एक पैशाची युक्ती नीट लक्षात ठेवा. पैसे परत मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागतात, अशी कुठलीही सिस्टीम नाही. यूपीआयचा पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात. पैसे यायला पिन लागतच नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरलो, तोपर्यंत त्याचे मेसेज येत होते. नागावला पोचलो तर पूलमध्ये दुसरंच कुटुंब. केअरटेकर हातातला पाण्याचा पाइप बाजूला ठेवून फाटकाशी आला, माझ्या मोबाइलवरचा नंबर पाहिला आणि म्हणाला, 'ताई, हा आमच्या शेठचा नंबर नाही. तुमच्यासारखे आधीपण येऊन गेलेत.' मुलं पोहण्याच्या रिंगा फुगवून तयार होती. फोन लावला तर बंद. चॅट उघडलं तर त्याने स्वतःचे मेसेज पुसायला सुरुवात केली होती. म्हणून सांगते, पैसे भरताना तेव्हाचे तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. आम्हाला दिसलेलं नाव आधार कार्डावरच्या नावापेक्षा वेगळं होतं आणि त्यावर 'मॅनेजरचं खातं आहे' हे उत्तर तयारच होतं. असं झालं की व्यवहार तिथेच थांबवा. बंगल्यातून चालू व्हिडिओ कॉल मागा आणि फाटकाबाहेरचा रस्ता दाखवायला सांगा. आधी काढलेला व्हिडिओ चालवून घेऊ नका. नकाशावर शेजारचं दुकान किंवा खानावळ शोधून तिथे फोन करून विचारा. गावात सगळ्यांना माहीत असतं कुठला बंगला कोणाचा.

फसवणूक झालीच तर घरी पोचायची वाट पाहू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, तिथे त्याच क्षणी फोन करा. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात वळवले गेले नसतील, तर बँक ते तिथल्या तिथे रोखू शकते. आमचे शेवटचे ११,००० असेच गोठवले गेलेत. बाकीचे तोवर काढून घेतले होते. नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण केली आणि स्क्रीनशॉट पोलिसांना दिले.

खऱ्या मालकांनी आता फाटकावर स्वतःच्या नंबराची पाटी लावली आहे. तरीही तेच फोटो घेऊन नवी जाहिरात फिरतेय, नंबर बदललेला. गेल्या काही तासांत कुणी तिथे पैसे भरले असतील तर आधी १९३० लावा.