मराठी-कन्नड मसुद्याचे अनुक्रमांक: वर्डचं नंबरिंग की एसईक्यू फील्ड?

एकाच भाषेतल्या मसुद्याला वर्डचं नेहमीचं नंबरिंग पुरतं. कलम ४ खाली ४.१, ४.२ अशी उपकलमं असतील तर तेच बरं; एसईक्यू (SEQ) फील्डमध्ये, म्हणजे मालिकेतला पुढचा आकडा मोजून उमटवणाऱ्या वर्डच्या छुप्या कोडमध्ये, पोटक्रमांकांची जुळवाजुळव आपल्यालाच करावी लागते. खरी पंचाईत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दुभाषी टेबलात होते. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, आणि दोन्हीकडे कलमाचा आकडा तोच हवा.

नंबरिंग टेबलात आडवं धावतं: डाव्या खान्यात १, उजव्यात २, खालच्या ओळीत ३. म्हणून दोन रकान्यांना दोन स्वतंत्र याद्या लावतात. कुणी हात लावेपर्यंत हे चालतं. कन्नड तपासताना एखाद्या खान्याच्या सुरुवातीला बॅकस्पेस दाबला गेला की तिथला आकडा उडतो आणि खालचे सगळे एकेकानं घटतात. मराठीच्या १२ समोर कन्नडचं ११. मजकूर बरोबरच असल्यामुळे वाचताना कुणाला खटकतही नाही. चूक कळते ती ‘कलम १२ प्रमाणे’ असा हवाला दिल्यावर. माझ्या लेखी निकाल इथंच एसईक्यूच्या बाजूनं लागला.

एसईक्यूसाठी कंट्रोल-एफ९ दाबून महिरपी कंस आणायचे; कीबोर्डवरचे कंस टाइप केले तर तो नुसता मजकूर राहतो. आत एसईक्यू, स्पेस आणि मालिकेचं नाव, रोमन लिपीत, नावात स्पेस न देता. उजव्या खान्यात हेच, शेवटी स्पेस, बॅकस्लॅश आणि सी. या सी मुळे मागचाच आकडा पुन्हा उमटतो. उजवा रकाना स्वतः मोजतच नाही, मग मागे पडणार कसा? पुढच्या भागात पुन्हा १ पासून हवं असेल तर तिथल्या पहिल्या डाव्या फील्डला बॅकस्लॅश, आर आणि १ जोडा. नवं कलम घालताना अख्खी ओळ कॉपी करून चिकटवा, मग मजकूर बदला.

कटकट इथंही आहे. आकडे आपोआप बदलत नाहीत. कंट्रोल-ए, मग एफ९ (काही लॅपटॉपवर एफएन धरून). टेक्स्ट बॉक्समधली फील्ड त्यात येत नाहीत, ती वेगळी निवडावी लागतात. ज्यांना हे लक्षात ठेवणं जड जातं त्यांनी नंबरिंगच वापरावं, हरकत नाही. फक्त छापण्याआधी दोन्ही रकान्यांचे शेवटचे आकडे ताडून पाहावेत.

फाइल बाहेर पाठवताना कंट्रोल-शिफ्ट-एफ९ नं निवडलेल्या फील्डचे साधे आकडे होतात. हे प्रतीवरच करा, कारण सगळं निवडलं असेल तर अनुक्रमणिकाही गोठते.