लिव्हरच्या अँटीबॉडी: स्लाइड की पट्टी?

दादरच्या वहिनींचं एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) सहा महिने उतरेना. डॉक्टरांना ऑटोइम्यून हेपटायटिसचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच आपल्या लिव्हरवर उलटल्याचा संशय. म्हणून अँटीबॉडीची तपासणी. लॅबमधला मुलगा विचारतो, "आयएफ करू की ब्लॉट?" लगेच मला फोन.

आयएफमध्ये (इम्युनोफ्लुरोसन्स) उंदराच्या लिव्हर, किडनी, जठराच्या पातळ कापांवर आपलं सीरम टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली हिरवी चमक शोधतात. एएनए, एसएमए, एएमए, एलकेएम या अँटीबॉडी एकाच स्लाइडवर दिसतात, वर १:४०, १:८० असा टायटरही मिळतो, म्हणजे सीरम किती पातळ करूनही चमक दिसते तो आकडा. पण सगळी मदार बघणाऱ्याच्या नजरेवर. नवख्याला एएमए आणि एलकेएम सारखेच वाटू शकतात.

ब्लॉटच्या पट्टीवर ठरावीक प्रथिनांच्या रेघा; ज्याची अँटीबॉडी सीरममध्ये असेल, ती रेघ उमटते. नजरेचा घोळ कमी. एसएलए ही अँटीबॉडी तर पट्टीवरच सापडते, स्लाइडवर दिसत नाही. मात्र टायटर नाही, आणि बऱ्याच पट्ट्यांवर एसएमए नसतेच. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही!

वहिनींना म्हटलं, आधी आयएफ. ती निगेटिव्ह येऊनही संशय उरला, तर एसएलएसाठी ब्लॉट. अंगाला खाज आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं, म्हणजे पीबीसीचा (लिव्हरमधल्या पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार) संशय असेल, तर एम-२, एसपी-१००, जीपी-२१० ही प्रथिनं असलेली पट्टी बरी. निदान मात्र डॉक्टरच करतील, बहुधा बायॉप्सीसकट.

आतड्याच्या सिलिअॅकला (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आजार) यातलं काहीच नको. तिथे टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, आणि ती होईपर्यंत पोळी बंद करायची नाही.