कॉम्प्रेशन मोजे, २०-३० वाले, सहा महिने वापरून झाले

मी कनेक्टिकटला राहते, म्हणजे ज्या लाइम गावावरून माझ्या आजाराचं, गोचीड चावून होणाऱ्या लाइमचं, नाव पडलं त्याच राज्यात. २०२१ च्या जूनमध्ये मागच्या अंगणात पुदिना खुडताना गोचीड चावली, कळलंसुद्धा नाही, पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं हो! मांडीवर लाल चकंदळ उठलं तेव्हा डॉक्टरकडे पळाले, २१ दिवस डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) घेतली, चकंदळ गेलं, थकवा मात्र मुक्कामालाच राहिला, आणि दीडेक वर्षाने नवीनच सुरू झालं, उभी राहिले की पाच मिनिटांत पाय जांभळे, जड, नुसते ठणकतात. डॉपलर झाला, म्हणजे पायातल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, गुठळी नाही, शिरा ठीक, धमन्या ठीक. लाइममुळेच का, तर डॉक्टर हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत. ओळखीचे लोक म्हणतात क्रॉनिक लाइम आहे, म्हणजे लाइम अंगात अजून टिकून आहे, महिनोन्महिने अँटिबायोटिक घे, पण चाचण्यांमध्ये त्याचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही, साइड इफेक्ट मात्र दिसलेत, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

तर पायांसाठी हे मोजे, पाय घट्ट दाबून धरणारे. २०-३० हा दाबाचा आकडा आहे, साइजचा नाही, मी पहिल्यांदा तिथेच फसले. ऑनलाइन अंदाजाने मागवले ते पोटरीत रुतले, वळ उठले, परतही घेतले नाहीत. मग मेडिकल सप्लायच्या दुकानात गेले, तिथल्या बाईंनी सकाळी सूज नसताना बोलावून घोटा आणि पोटरी टेपने मोजली, गुडघ्यापर्यंतचे, बोटं उघडी असलेले दिले. आणि धमन्या तपासल्यात का हे आधी विचारलं, कारण तिथे रक्त कमी पोचत असेल तर असे मोजे उलट त्रास देतात. हे आवडलं.

घालणं म्हणजे कुस्ती आहे. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढायचे, टाच बरोबर टाचेवर बसवायची, आणि बेडवरून उतरायच्या आधीच, एकदा पाय सुजले की मग चढत नाहीत. पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले होते, नवऱ्याने घालून दिले.

फरक? आजार तिथेच आहे, थकवा तिथेच आहे. पण आधी चौथ्या पोळीला स्टूल ओढून बसावं लागायचं, आता बारा पोळ्या उभ्याने होतात, आणि गणपतीत आरत्या संपेपर्यंत उभी राहिले, आईने व्हिडिओ कॉलवर पाय दाखव म्हणून सांगितलं तर नेहमीच्या रंगाचे होते.

एक स्टार कापते कारण वरची पट्टी उन्हाळ्यात खाजते आणि सहा महिन्यांत इलॅस्टिक सैल पडलं, इन्शुरन्सने तर हात वर केले. नवीन जोडी काळी घेणार आहे, त्वचेच्या रंगाच्या मोज्यांवर हळदीचे डाग पडतात ते निघत नाहीत.