जुना सायनस: स्प्रे मारत राहायचं का दुर्बिणीचं ऑपरेशन करून टाकायचं?

तुरीचं थ्रेशर लागलं, कुटार उडालं का गावात अर्धे लोकं शिंकत फिरतात, अन् त्यातला कोणीतरी विचारतेच का भाऊ, नागपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, करू का नको?

पहिले पाहा का सायनसच हाय का. नाक चोंदणं, घट्ट पिवळा शेंबूड (पुढून नाहीतर घशात मागून उतरणारा), गालाकपाळावर जडपणा, वास न येणं, यातल्या निदान दोन गोष्टी, त्यात चोंदणं नाहीतर शेंबूड पाह्यजेच, अन् हे 12 आठवडे सलग, तवा त्याले जुना सायनस म्हणतात. नाक साफ, नुसतंच डोकं ठणकते अन् उजेड सहन होत नाही, तर ते बरेचदा मायग्रेन असते, आपण उगाच सायनसच्या गोळ्या खात बसतो. एक्स-रेवर जास्त भरवसा नका ठेवू, नाकात दुर्बीण टाकून पाहणं नाहीतर सीटी स्कॅन, यातच खरं कळते.

आता स्प्रे. मोमेटासोन, फ्लुटिकासोन असे स्टेरॉइडचे स्प्रे असतात, स्टेरॉइड ऐकून घाबरू नका, अंगात लय कमी जाते. पण लोकं चार दिवस मारतात अन् फरक नाही म्हणून फेकून देतात, अरे बाप्पा, त्याले 8 ते 12 आठवडे रोज द्या लागतात! मान थोडी खाली, नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडं नको, बाहेरच्या बाजूले, अन् जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात जाते. त्याच्या आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, पण पाणी उकळून कोमट केलेलंच, विहिरीचं बोअरचं कच्चं पाणी नाकात घालू नका, क्वचित पण जिवावर बेतणारा अमिबा त्यातून मेंदूत जाते.

मेडिकलवाला नाक मोकळं करायचे जे थेंब देते ना, झायलोमेटाझोलिनवाले, ते या स्प्रेपेक्षा एकदम वेगळे. पाच मिनिटात नाक उघडते म्हणून आवडतात, पण आठवड्याच्या वर टाकले तर त्यांच्याचमुळं नाक बंद व्हाले लागते. अँटिबायोटिकचंही तसंच, दर सर्दीले कोर्स घेऊन काही होत नाही. वाफेनं तेवढ्यापुरतं बरं वाटते, फक्त उकळतं गंज लेकरांपासून दूर ठेवा.

ऑपरेशन कवा मंग? स्प्रे अन् धुणं नीट करूनही आराम नाही, नाकात वाढलेलं मास (पॉलिप) औषधानं बसत नाही, नाहीतर सीटीत बुरशीचा गोळा दिसते, तवा. बाहेरून चिरा नसते, भूल देऊन नाकातूनच सायनसची (गालाकपाळाच्या हाडातल्या पोकळ्यांची) तोंडं मोठी करतात, बरेच जण एक-दोन दिवसात घरी येतात. डोळा अन् मेंदू लागूनच असल्यानं धोका कमी असला तरी असतेच, म्हणून हात बसलेला सर्जन पाहा. अन् एक गोष्ट कोणी धड सांगत नाही, ऑपरेशननंतरही धुणं अन् स्प्रे सुटत नाही, उलट तवाच औषध आतपर्यंत पोचते. पॉलिप तर परत वाढू शकते, दमा असला तर जास्तच. म्हणजे स्प्रेचा कंटाळा म्हणून ऑपरेशन करत असाल तर राहू द्या.

माझं मत, पॉलिप नसंल तर तीन महिने स्प्रे-धुणं इमानदारीनं करा, थ्रेशरवर तोंडाले दुपट्टा नाहीतर चांगला मास्क लावा, मंग ठरवा. एकाच बाजूनं घाण वास येते तर आधी वरची दाढ तपासून घ्या. पण डोळा सुजला, एकाचे दोन दिसाले लागले, एकाच नाकपुडीतून घडीघडी रक्त येते, नाहीतर शुगरवाल्याचा चेहरा बधिर झाला, तर तीन महिने काय, तीन दिवसही थांबू नका.

खर्चाचं म्हणाल तर सेवाग्राम नाहीतर नागपूर-यवतमाळचं मेडिकल कॉलेज आधी पाहा, अन् महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसते का हे तिथल्या आरोग्यमित्राले (योजनेचा मदतनीस) भरती व्हायच्या आधीच विचारा, रेशन कार्ड अन् आधार घेऊनच जा.